सोयाबीन निघालं की तारकर्ली

आपल्या हिंगोली जिल्ह्यात पडणारा पाऊस समुद्रालाच जातो, पण भलत्याच समुद्राला. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, तिथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. येलदरीत अडवलेली पूर्णासुद्धा गोदावरीचीच. ज्या समुद्राचे रील आपण लेक्चर चालू असताना बाकाखाली मोबाइल धरून बघतो तो अरबी समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडं आहे. सेनगाव ते मालवण रस्त्यानं मोजलं तर सातशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळं आपल्याकडं ‘समुद्र पाहिलाय का?’ हा प्रश्न ‘विमानात बसलास का?’ या प्रश्नाच्याच रांगेतला. माझ्या बारावीच्या वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर होतं, ‘येलदरी पाहिली ना, लई झालं.’

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ येऊन आता बरीच वर्षं झाली, सिनेमा २०११चा. तरी प्रत्येक बॅचमध्ये तो पाहून एक तरी व्हॉट्सअॅप ग्रुप निघतोच. त्यात ते तिघं मित्र समुद्राच्या तळाशी उतरतात तो सीन स्पेनच्या कोस्टा ब्रावाचा, म्हणजे भूमध्य समुद्राचा. निळं पाणी, पांढरी घरं, दगडी किनारा. ग्रुपचं नाव पडतं ‘स्पेन लोडिंग’, आणि पासपोर्टला काय काय लागतं हे कळलं की ग्रुप म्यूट होतो. आमच्याही ग्रुपचं तेच झालं. फरक एवढाच की आम्ही पाच जणांनी म्यूट करण्याआधी नकाशा उघडला. समुद्रात बुडी मारायची, किनाऱ्यावरच्या छोट्या गावात राहायचं आणि किल्ला बघायचा, हे सगळं एकाच ठिकाणी आणि सोयाबीनच्या पैशात बसणारं हवं होतं. उत्तर निघालं तारकर्ली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

जायचं कसं?

घरची परवानगी हा पहिला घाट. मुलींच्या बाबतीत तर करूळ घाटापेक्षा अवघड. माझ्या आजीचा आक्षेप साधा होता, ‘पाण्यात काय बघायचं असतं?’ तिला सिंधुदुर्ग किल्ल्याचं आणि तिथल्या महाराजांच्या मंदिराचं सांगितलं तेव्हा गाडी पुढं सरकली. ही ट्रिक तुम्हीही वापरा. खोटं काहीच नाही त्यात.

हिंगोलीवरून आठवड्यातून दोन दिवस नागपूर-कोल्हापूर रेल्वे जाते. परभणी, लातूर, पंढरपूर, मिरज करत ती कोल्हापूरला पोचवते. कोल्हापुरातून एसटीनं घाट उतरायचा. फोंडा घाटानं कणकवली किंवा गगनबावड्यावरून करूळ घाटानं वैभववाडी, आणि तिथून पुढं मालवण. दुसरा रस्ता कोकण रेल्वेचा, उतरायचं कुडाळला. कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर. विमानतळही आहे, चिपीला, २०२१ साली सुरू झालेला, पण तो विषय आपण पुढच्या जन्मासाठी ठेवू.

पैशाचं म्हणाल तर एसटी हीच आपली बिझनेस क्लास. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळं आमच्यातल्या दोन मुलांनी तीन मुलींकडं पूर्ण प्रवासभर संशयानं पाहिलं. चार-पाच दिवस भटकायचं असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. आगारात विचारून हिशेब घालून बघा, कुठलं स्वस्त पडतं ते.

घाट उतरताना एक गोष्ट जाणवते आणि ती रीलमध्ये येत नाही. हवा बदलते. आपल्याकडचं ऊन चटका देतं, इथली हवा अंगाला चिकटते. टी-शर्ट पंधरा मिनिटांत ओला. जाड जीन्स घरी ठेवा, ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

पाणी वर येतं आणि खाली जातं

तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर. त्याच्या पुढं देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची नि घरांची एक बारीक पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की एका कानाला लाटांचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला नदीचं पाणी गप्प पडलेलं असतं. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, तो संगम. तिथल्याच वाळूच्या बेटाला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात आणि वॉटर स्पोर्ट्सचा सगळा गोंगाट तिथं चालतो.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि वाळू लांबच लांब मोकळी होती. सकाळी उठून पाहिलं तर काल जिथं फोटो काढले तिथं पाणी! आमच्यातला एक जण घाबरून म्हणाला, ‘अरे, धरण सोडलं का काय?’ ज्यांच्या घरात राहिलो ते काका अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. ते इतके हसले की जाळ्यातली सुई बाजूला ठेवावी लागली.

भरती-ओहोटी आपण भूगोलात पाठ करतो, चंद्राचं गुरुत्वाकर्षण वगैरे, दोन मार्काला. इथं लोकांचा अख्खा दिवस त्यावर लागलेला असतो. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चढ-उतार जास्त, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला कमी, ती भांगाची भरती. मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन मीटरच्या वरही चढतं. गंमत म्हणजे सिनेमातल्या त्या भूमध्य समुद्रात हा प्रकार जवळपास नाही. तो समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून महासागराला जोडलेला असल्यामुळं बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. म्हणून तिथं पाण्याला लागून हॉटेलच्या खुर्च्या मांडता येतात. तारकर्लीत मांडल्या तर दुपारी खुर्ची एकीकडं आणि गिऱ्हाईक दुसरीकडं.

काकांनी एक हिशेब शिकवला तो लिहून ठेवण्यासारखा आहे. कोकणात पूर्वीपासून चालतो. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. गावागणिक थोडं मागंपुढं होतं, त्यामुळं नेमकी वेळ तिथल्या माणसाला विचारायचीच. पण कालनिर्णय बघून बीचची वेळ ठरवता येते हे कळल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकीनं आजीला फोन लावून तिथी विचारली. आजी म्हणाली, ‘काहून गं, उपास धरला का?’

विहिरीत पोहणाऱ्यांनो, हा भाग नीट वाचा

आता जे लिहिणार आहे ते ट्रिपच्या मूडला शोभणारं नाही, पण त्याशिवाय हा लेख छापण्यात अर्थ नाही.

१५ एप्रिल २०१७ला मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे आठ जण बुडाले. तारकर्लीला जाताना हे वायरी गाव लागतं. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ला, मुरूडला पुण्याहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या डझनाहून जास्त मुला-मुलींचा जीव गेला. बेळगाव काय, पुणे काय, दोन्ही समुद्रापासून लांबची गावं. बहुतेकांचं वय आपलंच.

आपल्याकडं पोहायला शिकतात विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा डबा बांधून, वर काठावर मामा नाहीतर काका उभा. विहिरीचं पाणी जागेवर असतं. तुम्ही थकलात तर कडेचा दगड चार हातांवर. म्हणून आपल्याकडचा मुलगा सूर मारायला एक नंबर असतो आणि त्याला वाटतं, पाणी ते पाणी. समुद्राचं पाणी जागेवर नसतं, एवढा एकच मुद्दा आहे.

लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जाणार कुठून? वाळूत कुठंतरी खोलगट वाट सापडते आणि सगळं पाणी तिथून जोरात मागं जातं. या प्रवाहाला रिप करंट म्हणतात. वाईट भाग असा की वरून ही जागा सगळ्यात सुरक्षित दिसते. आजूबाजूला लाटा फुटत असतात, फेस असतो, आणि मधे एक गडद, शांत पट्टा. नवखा माणूस म्हणतो, इथं लाट नाही, इथंच उतरू. पाय सुटला की तो पट्टा आत ओढतो आणि माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडं हात मारायला लागतो, म्हणजे प्रवाहाच्या अगदी उलट. तिथं चांगला पोहणाराही दमतो.

अशा वेळी किनाऱ्याकडं पोहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, ओरडायचं. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. तो पट्टा रुंदीला फार मोठा नसतो. त्यातून बाहेर पडल्यावर मग लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडं यायचं. आणि काठावर असणाऱ्यांनी मित्र ओढला जातोय म्हणून एकामागं एक उड्या टाकायच्या नाहीत. अशा घटनांत वाचवायला गेलेलेही बुडतात. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगतं ते फेकायचं, किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला आणि जीवरक्षकाला हाक मारायची, ११२ लावायचा.

देवबागच्या संगमावर आणखी एक भानगड. ओहोटी सुरू झाली की समुद्र मागं सरतो आणि नदीचं पाणीही त्याच वेळी बाहेर पडतं. दोघांची ओढ एकत्र. वरून पाणी ओढ्यासारखं उथळ दिसत असतं. आम्ही ट्रिपभर एकच नियम ठेवला होता, पोहता येवो न येवो, गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि ओहोटीला पाण्याबाहेर. दोघांना हे फार बोअर वाटलं. त्यांनी त्याचा सूड माझ्या पाठीत ओली वाळू घालून उगवला.

बोटीचंही तसंच. २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यामुळं लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टा आवळल्याशिवाय बोटीत पाय टाकू नका. ‘जवळच जायचंय, राहू द्या’ असं कुणी म्हटलं तर त्या बोटीतच बसू नका. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि स्वतः डोकी मोजा. मोजणं आपल्याला येतं, वडापच्या जीपमध्ये आयुष्य गेलंय आपलं.

बुडी

स्कूबासाठी पोहता यायलाच हवं असं नाही, हे खरं आहे. पर्यटकांना जी बुडी देतात तिला आधी थोडं ट्रेनिंग असतं. तोंडानं श्वास घ्यायचा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, हाताच्या खुणा कुठल्या. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. हे लक्षात ठेवा, नाहीतर खूश होऊन अंगठा दाखवाल आणि पैसे दिलेली बुडी दोन मिनिटांत संपेल. मग एक प्रशिक्षित डायव्हर तुम्हाला धरून खाली नेतो. दर दहा मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि तो सगळ्यात आधी कानाला कळतो. नाक चिमटीत धरून हळू हवा फुंकायची, कान मोकळा होतो. सर्दी असेल, दमा असेल, कानाचा त्रास असेल तर खरं सांगायचं. फी भरली म्हणून उतरायचं नाही.

मालवणच्या धक्क्यावर उतरलात की ‘स्कूबा, स्कूबा’ करत चार जण गाठतात, पंढरपुरात लॉजवाले गाठतात तसे. घाई करू नका. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथं पुढचे कोर्सही होतात. ज्यांना यात करिअर करायचंय त्यांनी तिथं चौकशी करावी. आपल्या भागातून कुणी डायव्हर झाला तर पहिली मुलाखत मी घेणार.

पाण्याखाली काय दिसतं? सिनेमासारखं निळंशार नेहमी दिसत नाही. पाणी ढवळलेलं असेल तर हिरवट धुकं असतं. पण धुक्यातून अचानक पिवळे-काळे पट्टेवाले मासे नाकासमोरून जातात आणि खाली खडकावर प्रवाळ दिसतात. प्रवाळ हे दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आपली एक लाथ म्हणजे त्यांची काही वर्षं. त्यामुळं हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, तुकडा खिशात घालायचा नाही.

मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. इथं मला आपल्या त्या स्पेनची आठवण झाली. कोस्टा ब्रावावर मेदेस नावाची छोटी बेटं आहेत, समोर लेस्तार्तित नावाचं मच्छीमारांचं गाव. तिथं १९८३मध्ये बेटांभोवती मासेमारी बंद केली. मासे वाढले, डायव्हर आले, आणि पुढं डायव्हरांच्याच संख्येवर मर्यादा घालावी लागली. वाचायला सोपं वाटतं, पण मालवणात अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला, आणि तो का, हे तिथल्या माणसांशी बोलल्यावर कळतं. ज्याचं पोट त्याच पाण्यावर आहे त्याला ‘इथं जाळं टाकू नको’ म्हणणं म्हणजे आपल्याकडं बारमाही विहिरीवर पाटी लावून ‘इथून उपसा बंद’ म्हणण्यासारखं. आधी पर्याय काय ते सांगा, असं कुणीही म्हणेल.

रापण

तारकर्लीतली माझी आवडती अर्धी सकाळ फुकटात मिळाली. सूर्य वर यायच्या आत किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं दोन रांगांत उभी राहून दोर ओढत होती. याला रापण म्हणतात. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि मग सगळे मिळून ओढतात. निघालेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. कुणीतरी आम्हाला विचारलं, ‘खयसून इलात?’ हिंगोली सांगितल्यावर त्यांना कळेना. ‘औंढा नागनाथ’ म्हटल्यावर ओळख पटली. मग आमच्याही हातात दोर दिला.

पाच मिनिटांत हाताची सालटं निघाली. जाळं आलं तेव्हा त्यात पेडवे, थोडे बांगडे आणि बराच प्लास्टिकचा कचरा होता. त्यात चिप्सची पाकिटं होती, आमच्यातल्या कुणाची नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. एक आजोबा जाळं झटकताना म्हणाले की पूर्वी असल्या एका ओढणीत महिन्याची सोय व्हायची. त्यांचा राग यांत्रिक बोटींवरच्या पर्ससीन जाळ्यांवर होता, जी खोल पाण्यात अख्खा थवाच्या थवा घेरून उचलतात. राज्य सरकारनं २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, प्रकाशझोत टाकून मासेमारीवरही बंदी आली. तरी भांडण मिटलेलं नाही.

मग त्या आजोबांच्या घरातली पुढची पिढी काय करते? एक मुलगा बोटीवर गाइड, सुनेनं मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केलेली. सिंधुदुर्ग १९९७मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर ‘न्याहारी-निवास’ हा शब्द इथल्या पाट्यांवर दिसायला लागला. घरातच दोन-तीन खोल्या, अंगणात माड, सकाळी वहिनींच्या हातचे घावणे. अशाच घरात राहा. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, आणि पैसा त्या घरात जातो. मुलींच्या ग्रुपला तर घरात राहणं केव्हाही बरं, रात्री दहाला ‘जेवलात का गो?’ विचारणारं कुणीतरी असतं.

जमिनीचं मात्र अवघड आहे. देवबागच्या पट्टीवर समुद्र सारखा आत येतोय, जागोजाग दगडी बंधारे घातलेत. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ इथून जवळून गेलं तेव्हा माड पडले, छपरं उडाली. ज्या घराच्या ओट्यावर बसून आपण ‘सी व्ह्यू’ म्हणून खूश होतो, त्या घरातल्या काकूला तो व्ह्यू दरवर्षी थोडा जवळ येताना दिसतो.

महाराजांचा किल्ला, होडीतून

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलं की थोड्याच वेळात सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ला पायाभरणी, तीन वर्षांत काम पूर्ण. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर सुमारे ४८ एकरांत पसरलेला, तीनेक किलोमीटरची तटबंदी. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तट वळवून लपवलाय. पुस्तकात गोमुखी दरवाजा वाचला होता, इथं होडीत बसून शोधायला लावला तेव्हा डोक्यात शिरला.

आत छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती आपण पाहतो तशी नाही, दाढी नाही, बसलेली. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून दाखवला जाणारा ठसाही इथंच, छोट्या घुमटीत. पण दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला जी गोष्ट हलवते ती विहिरींची. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्यातला एक जण साखरबावेत वाकून बराच वेळ बघत उभा होता. त्याच्या शेतात तीन बोअर कोरडे गेलेत.

किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दिला, त्यात सिंधुदुर्ग आहे. तटावर बदामात नावं कोरणाऱ्या प्रेमवीरांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसली नाही. डिसेंबर २०२३मध्ये नौदल दिन इथंच साजरा झाला होता. समोर राजकोटला त्या वेळी उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला आणि नंतर तिथं नवा उभा राहिला. तोही पाहून या.

गर्दी नको असेल तर

खरं सांगायचं तर दुपारची तारकर्ली मला आवडली नाही. स्पीकर, बनाना बोटीची किंचाळी, उंटसुद्धा. समुद्रावर उंट का, हे कुणी सांगेल का? सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी मात्र तीच जागा ओळखू येत नाही.

शांतता हवी असेल तर मालवणच्या उत्तरेला तळाशील-तोंडवळीला जा. देवबागसारखीच पट्टी, इथं गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली. सुरूची झाडं आणि हिवाळ्यात अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं. कासव दिसेलच असं नाही, पण घरटं कुंपण घालून जपलेलं दिसलं तर लांबूनच बघा. जवळच आचरा गाव. तिथली गावपळण ऐकूनच आम्ही थक्क झालो. काही वर्षांनी एकदा अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आपल्या हॉस्टेलचं उन्हाळ्यात होतं तसं, पण रामेश्वराचा कौल घेऊन.

कर्लीच्या पलीकडं भोगवे आणि निवती. किल्ले निवतीवरून दिसणारा किनारा हा या सगळ्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता फोटो, आणि तो मी अजून कुठंच टाकलेला नाही. कुडाळकडं परत जाताना धामापूरचा तलाव बघा. १५३०चा, सिंचनासाठी बांधलेला, आणि २०२०मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत गेलेला. झाडीत लपलेलं ते पाणी बघून येलदरीवाल्याला घरी आल्यासारखं वाटतं.

खाण्याचं विचारताय ना? मासे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही, सुरमई परवडली नाही तर बांगडा घ्या, चवीला तसूभर कमी नाही. सोलकढी दोनदा मागायला लाजू नका. आमच्यातली एक माळकरी घरातली, नर्सीच्या बाजूची. तिचं काय होणार याची सगळ्यांना काळजी होती. तिला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मिळाली, वर गोड रसातली खापरोळी, आणि शेवटी सगळे तिच्या ताटात बघत होते. माशाला चोळलेली हळद कुठली, असं आम्ही वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, बाजारातली. आमच्या वसमतकडचीच असणार असं आम्ही आपापसांत ठरवून टाकलं. परतताना आल्या-गुळाच्या पाकातला मालवणी खाजा आणि आमसुलं घ्या, एसटीत फुटत नाहीत आणि घरच्यांचा राग निवतो.

कधी जायचं? जून ते सप्टेंबर विसरा. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. मे महिन्यात घामानं हाल होतात. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा या दिवसांत खोल्यांचे भाव असे चढतात की सोयाबीनलाही हेवा वाटावा. उरतो दिवाळीनंतरचा नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी. सोयाबीन घरात आलेलं, हरभरा अजून शेतात, सेमिस्टरची परीक्षा झालेली किंवा लांब. शनिवार-रविवार सोडून जा, आणि निघायच्या आधी आजीला त्या दिवसांच्या तिथी विचारून घ्या.